जॉन क्विन्सी ॲडम्स आणि अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या अध्यक्षाची निवडणूक दर चार वर्षांनी होते, आणि त्या सुमारास आपल्याकडील वृत्तपत्रांचे रकानेही तिच्या वार्तांनी भरून जातात. वरच्या वर्गांतील विद्यार्थी त्या वार्ता मोठ्या हौसेने वाचतात. परंतु वाचता वाचता त्यांस एक कोडे पडते. इ. स. २००० साली व पुन्हा २०१६ साली ज्या उमेदवारास सबंध देशात अधिक मते पडली त्याचा पराभव झाला आणि ज्यास कमी पडली तो अध्यक्षाच्या आसनावर बसला, हे कसे? लोकसत्ताक राज्यात असे घडावे याचे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. नियमांची यादी पाठ केल्याने या कोड्याचा उलगडा होतो खरा, पण तो मनात ठसत नाही. म्हणून त्या नियमांच्या योगाने ज्यांस सर्वोच्च पद मिळाले व त्याच नियमांपायी ज्यांच्या त्या पदास कायमचे गालबोट लागले, अशा एका सत्पुरुषाचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जॉन क्विन्सी ॲडम्स यांचा जन्म ता. ११ जुलै १७६७ रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील ब्रेनट्री या गावी झाला. त्या वेळी तो मुलूख इंग्लंडच्या राजाच्या अमलाखाली होता. वडील जॉन ॲडम्स हे वकील असून स्वातंत्र्याच्या चळवळीतील प्रमुख पुढारी होते; पुढे ते अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झाले. आई ॲबिगेल ही मोठी बुद्धिमती व करारी बाई होती. १७७५ च्या जून महिन्यात बंकर हिलची लढाई झाली तेव्हा ती आपल्या सात वर्षांच्या मुलाचा हात धरून घराजवळच्या टेकडीवर गेली, आणि तेथून त्या मायलेकरांनी तोफांचा धूर व जळत असलेले चार्ल्सटाउन पाहिले. ते दृश्य त्या मुलाच्या अंतःकरणातून म्हातारपणापर्यंत पुसले गेले नाही.

दहाव्या वर्षी वडिलांबरोबर अटलांटिक महासागर ओलांडून जॉन फ्रान्सला गेला. चौदाव्या वर्षी, ज्या वयात आमची मुले अजून आठवी-नववीत असतात त्या वयात, अमेरिकेच्या वकिलाचा चिटणीस म्हणून त्याने रशियाच्या राजधानीपर्यंत प्रवास केला. कारण तेथील दरबारी व्यवहार फ्रेंच भाषेत चाले आणि खुद्द वकिलास ती नीट येत नव्हती. दैनंदिनी लिहिण्याची सवय त्यास बाराव्या वर्षी लागली आणि ती अखेरपर्यंत, म्हणजे अडुसष्ट वर्षे, टिकली. तिची पाने चौदा हजारांहून अधिक भरतात. आठ दिवस दैनंदिनी लिहून नवव्या दिवशी ती कोनाड्यात टाकणाऱ्या आमच्या मित्रांनी या आकड्याकडे जरा पाहावे.

युरोपातून परत येऊन त्यांनी हार्व्हर्ड कॉलेजात अभ्यास केला आणि १७८७ साली पदवी घेतली. योगायोग असा की, त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे निरनिराळ्या राज्यांचे प्रतिनिधी नव्या राष्ट्राची घटना तयार करण्यास बसले होते. त्यांना ज्या प्रश्नाने सर्वांत अधिक छळले, तो म्हणजे अध्यक्ष निवडावा कोणी, हा. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन यांचे मत, लोकांनीच थेट निवडावा असे होते. इतर पुष्कळांस काँग्रेसने, म्हणजे कायदेमंडळाने, निवडावा असे वाटे. पहिल्या पक्षावर आक्षेप असा की, देश अफाट, रस्ते वाईट, वर्तमानपत्रे थोडी. जॉर्जियातील शेतकऱ्यास न्यू हॅम्पशरमधील पुढाऱ्याची योग्यता कशी कळावी? दुसऱ्यावर आक्षेप असा की, जो कायदेमंडळाच्या कृपेने निवडला जाईल तो कायदेमंडळाचा मिंधा होईल. याखेरीज आणखी एक गोष्ट होती व ती त्या सभेस भूषणावह नव्हती. दक्षिणेकडील राज्यांत लक्षावधी गुलाम होते. त्यांस मताचा हक्क नव्हता. तेव्हा थेट निवडणूक झाली असती तर दक्षिणेचे वजन कमी पडले असते. प्रतिनिधिसभेतील जागा वाटताना मात्र पाच गुलामांची गणना तीन माणसांबरोबर करावी, अशी तडजोड अगोदरच ठरली होती.

या सर्व अडचणींतून जी युक्ति निघाली ती निर्वाचकांची. प्रत्येक राज्याचे प्रतिनिधिसभेत व सेनेटात मिळून जितके सभासद असतील तितके निर्वाचक त्या राज्याने नेमावे. ते कसे नेमावे हे त्या राज्याच्या कायदेमंडळाने ठरवावे. वाटल्यास लोकांकडून मते घ्यावी, वाटल्यास आपणच नेमावे. हे निर्वाचक आपापल्या राज्यात एकाच दिवशी जमावे आणि त्यांनी आपली मते लिहून, मोहोर करून राजधानीस पाठवावी. निर्वाचकांच्या एकंदर संख्येच्या निम्म्याहून अधिक मते ज्यास पडतील तो अध्यक्ष. तितकी कोणासच न पडली, तर प्रतिनिधिसभेने निवड करावी. परंतु तेथे प्रत्येक सभासदाचे एक मत न धरता प्रत्येक राज्याचे एक मत धरावे. निवडीच्या या पद्धतीस अप्रत्यक्ष निवडणूक म्हणतात. ती आपणांस अगदीच अपरिचित आहे असे नाही. गावच्या सरपंचाची निवड पंचांनी करावी की गावकऱ्यांनी थेट करावी, यावरून महाराष्ट्रात २०१७ पासून २०२२ पर्यंत कायदा तीनदा बदलला गेला. भारताच्या राष्ट्रपतींची निवडणूकही अप्रत्यक्षच असून ती संसदेचे व राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सभासद करतात. मात्र आपल्याकडे कारभाराची सूत्रे पंतप्रधान व त्यांचे मंत्रिमंडळ यांच्या हाती असतात. अमेरिकेत ती अध्यक्षाच्याच हाती असल्यामुळे तेथे ही निवड फार जोखमीची ठरते.

निर्वाचक हे शहाणे, निःपक्षपाती गृहस्थ असतील व शांतपणे विचार करून सर्वोत्तम पुरुष निवडतील, अशी घटनाकारांची अपेक्षा होती. वॉशिंग्टन यांच्या वेळी सर्वांचे एकमत असल्यामुळे तिची परीक्षा झालीच नाही. ते निवृत्त होताच पक्ष निर्माण झाले, आणि निर्वाचक हे पक्षाचे नुसते निरोप्ये बनले. १७९६ साली वडील जॉन ॲडम्स यांस ७१ मते व त्यांचे प्रतिस्पर्धी जेफर्सन यांस ६८ मते पडली, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे दुसरा आलेला प्रतिस्पर्धीच उपाध्यक्ष झाला! १८०० सालच्या निवडणुकीत तर जेफर्सन व त्यांचेच सहकारी बर यांस प्रत्येकी ७३ मते पडून बरोबरी झाली व प्रतिनिधिसभेस छत्तीस वेळा मते घ्यावी लागली. वडील ॲडम्स ६५ मतांनिशी मागे पडले. नव्या अध्यक्षाच्या शपथविधीची वाट न पाहता ते पहाटेच राजधानी सोडून गेले.

चिरंजीव या काळात हॉलंड व प्रशिया या देशांत अमेरिकेचे वकील होते. १७९७ साली लंडन येथे लुइझा जॉन्सन हिच्याशी त्यांचा विवाह झाला. १८०३ साली मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळाने त्यांस सेनेटवर पाठविले. (त्या काळी सेनेटरांची निवडही अप्रत्यक्षच होती, ती थेट लोकांकडे आली १९१३ साली.) तेथे त्यांच्यापुढे आलेले पहिलेच मोठे प्रकरण अध्यक्षाच्या निवडणुकीचे होते. १८०० चा घोटाळा पुन्हा होऊ नये म्हणून घटनेत बारावी दुरुस्ती करावयाची होती. अध्यक्ष व उपाध्यक्ष यांच्यासाठी निर्वाचकांनी वेगवेगळी मते द्यावी, आणि कोणासच बहुमत न मिळाल्यास प्रतिनिधिसभेने पहिल्या पाचांतून नव्हे, तर पहिल्या तिघांतून निवड करावी, असे तीत होते. ॲडम्स यांनी या दुरुस्तीविरुद्ध मत दिले. न्यू हॅम्पशरचे सेनेटर विल्यम प्लमर यांनीही विरुद्धच दिले. विरोध फुकट गेला व १८०४ मध्ये दुरुस्ती अमलात आली. या दोन नावांकडे आणि त्या ‘तिघां’कडे वाचकांनी लक्ष ठेवावे, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

सेनेटात ॲडम्स आपल्या पक्षास न आवडणारी मते देऊ लागले. जेफर्सन यांच्या व्यापारबंदीस त्यांनी पाठिंबा दिला, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळाने मुदत संपण्यापूर्वीच त्यांच्या जागी दुसरा माणूस निवडला आणि १८०८ साली त्यांनी राजीनामा दिला. पुढील नऊ वर्षांचा वृत्तांत थोडक्यात आटोपण्याजोगा आहे. ते रशियात वकील होते. १८१४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी घेंट येथे इंग्लंडशी जो तह झाला तो करणाऱ्या मंडळीचे ते प्रमुख होते. नंतर ते लंडन येथे वकील झाले. रशियाहून आपल्या मुलास त्यांनी पवित्र शास्त्राच्या अभ्यासाविषयी लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पहाटे चार-पाच वाजता उठून शास्त्राचे काही अध्याय वाचल्यावाचून ते दुसऱ्या कामास हात लावीत नसत.

१८१७ साली अध्यक्ष मन्रो यांनी त्यांस परराष्ट्रमंत्री केले. स्पेनकडून फ्लोरिडा मिळविण्याचा तह व १८२३ चे प्रसिद्ध मन्रो धोरण ही बव्हंशी त्यांच्याच बुद्धीची फळे होत. १८२० च्या निवडणुकीत मन्रो यांस विरोधक कोणीच नव्हता. २३२ निर्वाचकांनी मते दिली. त्यांपैकी २३१ मन्रो यांस पडली. वृद्ध जॉन ॲडम्स हेही त्या वर्षी मॅसॅच्युसेट्सचे एक निर्वाचक होते व त्यांनी मन्रो यांसच मत दिले. उरलेले एकच मत जॉन क्विन्सी ॲडम्स यांस पडले, आणि ते देणारा निर्वाचक म्हणजे न्यू हॅम्पशरचे विल्यम प्लमर! वॉशिंग्टन यांचा एकमताचा मान दुसऱ्या कोणास मिळू नये म्हणून त्यांनी असे केले, अशी गोष्ट पुष्कळ वर्षे सांगितली जात असे. पण खरे कारण इतकेच की, मन्रो यांची योग्यता त्यांस बेताची वाटत होती. म्हणजे निर्वाचकाने स्वबुद्धीने मत द्यावे ही घटनाकारांची अपेक्षा त्या वर्षी एका तरी गृहस्थाने पुरी केली.

आता १८२४ सालाकडे वळू. पक्ष नावाला एकच उरला होता, पण उमेदवार चार उभे राहिले. टेनेसीचे सेनापती अँड्र्यू जॅक्सन हे न्यू ऑर्लिन्सच्या लढाईतील विजयी वीर असून सामान्य जनतेच्या गळ्यातील ताईत होते. जॉर्जियाचे क्रॉफर्ड हे खजिन्याचे मंत्री. ते आदल्या वर्षीच्या आजाराने पार खचले होते. केंटकीचे हेन्री क्ले हे प्रतिनिधिसभेचे सभापती व अमोघ वक्ते. चौथे आमचे ॲडम्स. ते विद्वान, सचोटीचे व अनुभवी खरे, पण स्वभावाने रुक्ष. लोकांत मिसळून चार गोड शब्द बोलणे त्यांस जन्मात साधले नाही, आणि हे त्यांनी स्वतःच आपल्या दैनंदिनीत वारंवार लिहून ठेविले आहे.

त्या वेळी राज्ये चोवीस होती. त्यांपैकी अठरा राज्यांत निर्वाचक लोकमताने व सहा राज्यांत कायदेमंडळाकडून नेमले गेले. लोकमत जेथे घेतले तेथे जॅक्सन यांस सुमारे दीड लाख मते पडली, ॲडम्स यांस एक लाख दहा हजारांच्या वर. निर्वाचकांची मते मोजली तेव्हा जॅक्सन ९९, ॲडम्स ८४, क्रॉफर्ड ४१ व क्ले ३७ असा हिशोब निघाला. एकूण मते २६१. बहुमतास १३१ हवी. ती कोणासच नव्हती. तेव्हा निवड प्रतिनिधिसभेकडे गेली, आणि तीही पहिल्या तिघांतून. क्ले अवघ्या चार मतांनी बाहेर राहिले. जुना पाचांचा नियम कायम असता तर सभापती क्ले यांचे नाव त्यांच्याच सभेपुढे आले असते, आणि मग काय झाले असते हे सांगावयास ज्योतिषी नको. ज्या दुरुस्तीविरुद्ध ॲडम्स यांनी एकवीस वर्षांपूर्वी मत दिले होते, तिनेच त्यांच्या वाटेतील सर्वांत मोठा अडसर दूर केला.

स्वतः राजा होण्याची आशा सुटल्यावर राजा करण्याचे सामर्थ्य मात्र क्ले यांच्या हाती आले. १८२५ च्या जानेवारीच्या ९ तारखेस, रविवारी सायंकाळी, ते ॲडम्स यांच्या घरी गेले व दोघांचे पुष्कळ वेळ बोलणे झाले. आपला कल तुमच्याकडे आहे असे क्ले यांनी सांगितल्याची नोंद ॲडम्स यांच्या दैनंदिनीत आहे. दोघांची राजकीय मते बरीच जुळत होती. रस्ते, कालवे व देशी धंद्यांचे संरक्षण यांविषयी त्यांचा विचार एकच होता, आणि एका लष्करी सेनापतीच्या हाती राज्य देणे क्ले यांस धोक्याचे वाटत होते. तेव्हा क्ले यांनी ॲडम्स यांचा पक्ष घ्यावा यात अस्वाभाविक असे काहीच नव्हते. पण केंटकीच्या कायदेमंडळाने आपल्या प्रतिनिधींस जॅक्सन यांस मत देण्याविषयी सांगितले होते, आणि ॲडम्स यांचा एकही निर्वाचक त्या राज्यातून आला नव्हता, तरी तेथील बाराांपैकी आठ प्रतिनिधी ॲडम्स यांच्याकडे गेले. इलिनॉय राज्याचा तर सबंध एकच प्रतिनिधी होता. चौतीस प्रतिनिधी असलेल्या न्यू यॉर्कचे जितके वजन तितकेच त्या एकट्याचे. त्याने ॲडम्स यांस मत दिले, आणि पुढच्या निवडणुकीत मतदारांनी त्यास घरी बसविले.

ता. ९ फेब्रुवारी १८२५ रोजी मते घेतली गेली. जिंकण्यास तेरा राज्ये हवी होती. न्यू यॉर्कचे प्रतिनिधी जवळजवळ समसमान विभागले होते व शेवटचा भार व्हॅन रेन्सेलर या वृद्ध जमीनदारावर पडला. त्याने टेबलावर डोके टेकून प्रभूची प्रार्थना केली, आणि डोळे उघडताच पायांशी ॲडम्स यांच्या नावाची चिठ्ठी पडलेली पाहून तीच पेटीत टाकली, अशी कथा पुढे मार्टिन व्हॅन ब्युरेन यांनी सांगितली आहे. आम्हांस ती फारशी विश्वसनीय वाटत नाही. व्हॅन ब्युरेन विरुद्ध पक्षाचे होते, आणि त्या गृहस्थाचे मन वळविण्याची खटपट त्या दिवशी सकाळीच झालेली होती. असो. पहिल्याच फेरीत ॲडम्स यांस तेरा राज्ये, जॅक्सन यांस सात व क्रॉफर्ड यांस चार मिळाली. तेरा म्हणजे बरोबर हवी तितकीच.

निवडीची वार्ता कळविण्यास सभेचे शिष्टमंडळ आले, तेव्हा ॲडम्स यांनी दिलेले उत्तर वाचण्यासारखे आहे. आपण हे पद नाकारल्याने लोकांस आपले मत पुन्हा अधिक स्पष्टपणे देण्याची संधी मिळणार असती तर आपण ते क्षणभरही न थांबता नाकारले असते. पण घटनेत तशी सोय नाही, म्हणून घटनेने नेमून दिलेले कर्तव्य आपण पत्करतो, असा त्याचा आशय होता. मार्चमधील शपथविधीच्या भाषणातही, पूर्वीच्या कोणत्याही अध्यक्षापेक्षा आपल्यावर लोकांचा विश्वास आरंभी कमी आहे, हे त्यांनी उघड कबूल केले. इतका सरळ मनुष्य. पण याच सरळ माणसाने त्या दोन भाषणांच्या मधल्या दिवसांत हेन्री क्ले यांस परराष्ट्रमंत्रीपद देऊ केले!

हे पद म्हणजे त्या काळी अध्यक्षपदाची शेवटची पायरी समजत. जेफर्सन, मॅडिसन, मन्रो व स्वतः ॲडम्स हे सर्व तीच पायरी चढून वर गेले होते. जॅक्सन यांच्या संतापास पारावार उरला नाही. क्ले यांस त्यांनी तीस रुपयांस प्रभूला विकणाऱ्या यहूदाच्या पंक्तीस बसविले, आणि भ्रष्ट सौदा झाल्याची हाकाटी सर्व देशभर उठली. पुढच्या वर्षी सेनेटर रँडॉल्फ यांनी भर सभेत केलेल्या निंदेमुळे क्ले यांचे त्यांच्याशी पिस्तुलांचे द्वंद्वयुद्धही झाले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. सौदा खरोखर झाला होता काय? तसा लेखी वा तोंडी करार झाल्याचा पुरावा नाही, आणि ॲडम्स यांची एकंदर चाल पाहता तो झाला असेल असे आम्हांस वाटत नाही. क्ले यांच्याइतका लायक माणूस दुसरा नाही असे त्यांस वाटले व म्हणून त्यांनी त्यांस नेमले. लोक काय म्हणतील याचा विचार त्यांस क्षुद्र वाटला. पण शिंदीच्या झाडाखाली बसून दूध प्याले तरी पाहणारा शिंदी प्याला असेच म्हणतो. ज्याचे पद लोकांच्या थेट मतावर उभे नाही त्याने तर लोकांच्या शंकेस दुप्पट जपावयास पाहिजे होते.

त्यांचा चार वर्षांचा कारभार निष्फळ गेला. १८२५ च्या डिसेंबरात त्यांनी काँग्रेसपुढे मोठ्या योजना मांडल्या. राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा, रस्ते, कालवे. वेधशाळेची तर पुष्कळांनी थट्टा आरंभिली. जॅक्सन यांस टेनेसीच्या कायदेमंडळाने त्याच ऑक्टोबरात पुढील निवडणुकीसाठी उभे केले होते, आणि ॲडम्स यांची प्रत्येक सूचना हाणून पाडणे हाच विरुद्ध पक्षाचा कार्यक्रम होऊन बसला. विरोधकांची जागा काढून ती आपल्या माणसांस देणे हा मार्ग त्यांना मोकळा होता. पण निव्वळ मतभेदासाठी कोणाची चाकरी घेणे त्यांस अन्याय वाटे. १८२६ च्या ४ जुलैस, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्यांचे वडील वारले. जेफर्सन यांचाही अंत त्याच दिवशी झाला.

१८२८ साली निर्वाचक कायदेमंडळाने नेमण्याची चाल डेलावेअर व साउथ कॅरोलायना या दोनच राज्यांत उरली होती. बाकी सर्वत्र लोकांनी मते दिली. जॅक्सन यांस १७८ व ॲडम्स यांस ८३ निर्वाचक मिळाले. वडिलांप्रमाणेच ॲडम्सही विजयी प्रतिस्पर्ध्याच्या शपथविधीस हजर राहिले नाहीत. हे त्यांच्या हातून चांगले झाले नाही असे आम्हांस वाटते. दोनच महिन्यांनी त्यांचा वडील मुलगा आगबोटीतून पडून बुडाला. बासष्टाव्या वर्षी पदही गेले व पुत्रही गेला.

जॅक्सन यांनी आपल्या पहिल्याच वार्षिक संदेशात, १८२९ साली, निर्वाचकांची मध्यस्थी काढून टाकून अध्यक्ष थेट लोकांनी निवडावा अशी शिफारस काँग्रेसला केली. ती मान्य झाली नाही. घटना बदलण्यास काँग्रेसच्या दोन्ही सभांत दोन तृतीयांश मते व शिवाय तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते. आणि प्रत्येक राज्यास, ते कितीही लहान असो, सेनेटरांच्या हिशोबाने दोन निर्वाचक जास्त मिळत असल्यामुळे लहान राज्ये आपला लाभ सहसा सोडीत नाहीत. म्हणून ती पद्धती अजून चालू आहे. निर्वाचक ५३८ आहेत व जिंकण्यास २७० लागतात. मेन व नेब्रास्का ही दोन राज्ये वगळली तर इतर सर्व राज्यांत ज्यास सर्वांत जास्त मते, त्यास त्या राज्याचे सगळे निर्वाचक. एखादे राज्य लाखो मतांनी जिंकले काय किंवा शंभर मतांनी जिंकले काय, फळ एकच. त्यामुळे कित्येक राज्ये थोडक्या मतांनी जिंकणारा मनुष्य, सबंध देशाच्या बेरजेत मागे असूनही, अध्यक्ष होऊ शकतो. १८७६, १८८८, २००० व २०१६ या चारही साली हे घडले. प्रतिनिधिसभेने अध्यक्ष निवडण्याचा प्रसंग मात्र १८२५ नंतर पुन्हा आला नाही. तो नियम घटनेत तसाच आहे.

ॲडम्स यांची गोष्ट येथे संपली असती तर त्यांचे चरित्र सांगण्याचे आम्हांस काही कारण नव्हते. १८३० साली त्यांच्या शेजाऱ्यांनी त्यांस विचारले की, प्लिमथ विभागातर्फे प्रतिनिधिसभेस उभे राहाल काय? अध्यक्ष होऊन गेलेल्या पुरुषाने खालच्या सभेत बसणे मित्रांस कमीपणाचे वाटले. लोकांची सेवा करण्यात कमीपणा नाही असे त्यांचे उत्तर होते, मग ती सेवा गावच्या पंचाची का असेना. ते मोठ्या बहुमताने निवडून आले. अध्यक्षपदाच्या निवडीने आपणांस याच्या निम्म्यानेही आनंद झाला नव्हता, अशा अर्थाची नोंद त्यांनी त्या दिवशी केली आहे. मध्ये निर्वाचक नव्हते, सभापती नव्हते, सायंकाळच्या भेटी नव्हत्या. शेतकऱ्यांनी व कोळ्यांनी आपल्या हातांनी त्यांस मते दिली होती. १८३१ च्या डिसेंबरात ते आपल्या जागी बसले व सतरा वर्षे बसले. (अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींनी अहमदनगरास आपले ठाणे घातले ते याच वर्षाच्या अखेरीस. ती मंडळी ज्या बोस्टनच्या संस्थेने पाठविली होती, ते बोस्टन ॲडम्स यांच्या गावापासून काही कोसांवरच आहे.)

गुलामगिरी बंद करावी असे अर्ज उत्तरेकडून, विशेषतः स्त्रियांकडून, हजारोंनी येत. दक्षिणेच्या सभासदांनी १८३६ मध्ये नियम करविला की, असे अर्ज वाचू नयेत, छापू नयेत, त्यांवर चर्चा करू नये. गुलामगिरीवर बोलण्यापेक्षा अर्ज करण्याच्या हक्कावर बोलणे ॲडम्स यांनी पसंत केले, कारण तो हक्क घटनेत प्रत्येकास दिलेला होता. दर अधिवेशनात ते अर्जांचा गठ्ठा घेऊन उभे राहत. १८३७ साली एके दिवशी त्यांनी विचारले की, खुद्द गुलामांचा म्हणून आलेला एक अर्ज माझ्यापाशी आहे, तो नियमात बसतो काय? सभेत एकच गदारोळ उडाला. यांस सभेतून घालवून द्या, येथपर्यंत ओरडा झाला. सर्वांचा घसा बसल्यावर ॲडम्स यांनी शांतपणे सांगितले की, त्या अर्जात गुलामगिरी बंद करू नये अशी मागणी आहे! १८४२ मध्ये त्यांच्यावर निंदेचा ठराव आला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या या वृद्धाने स्वतःच्या बचावात दोन आठवडे अशी काही झुंज दिली की, विरोधकांनी कंटाळून तो सोडून दिला. अखेर ३ डिसेंबर १८४४ रोजी ॲडम्स यांच्याच ठरावावर १०८ विरुद्ध ८० मतांनी तो नियम रद्द झाला.

दरम्यान ‘आमिस्टाड’ गलबताचा खटला झाला होता. आफ्रिकेतून चोरून क्युबास आणलेल्या हबशी लोकांनी १८३९ मध्ये त्या गलबतावर बंड केले. वाट चुकून ते अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले व तुरुंगात पडले. ते मालकांस परत द्यावे असे सरकारचे म्हणणे. कित्येक वर्षे वकिली न केलेले ॲडम्स वरिष्ठ न्यायालयात उभे राहिले व दोन दिवस मिळून आठ तासांच्या वर बोलले. ९ मार्च १८४१ रोजी त्या लोकांची सुटका झाली, आणि त्यांतील जे हयात होते ते काही मिशनऱ्यांसह पुढील जानेवारीत सिएरा लिओन येथे पोचले. गुलामगिरीचा उच्छेद १८६५ साली झाला. तो करणाऱ्या अमेरिकन लोकांस जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच.

ता. २१ फेब्रुवारी १८४८ रोजी सभेत मेक्सिकोच्या युद्धातील सेनापतींच्या गौरवाचा ठराव होता. ते युद्ध ॲडम्स यांस अन्यायाचे वाटे. त्यांनी मोठ्याने नकार नोंदविला व थोड्याच वेळात ते आपल्या जागीच कोसळले. त्यांस उचलून सभापतींच्या खोलीत नेले आणि तेथेच २३ तारखेस सायंकाळी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. त्या सभेत इलिनॉयहून नुकताच आलेला अब्राहम लिंकन नावाचा एक नवा सभासद होता. बारा वर्षांनी तो चार उमेदवारांच्या निवडणुकीत, लोकांची चाळीस टक्क्यांहूनही कमी मते मिळवून, परंतु ३०३ पैकी १८० निर्वाचकांच्या बळावर अध्यक्ष झाला.

ॲडम्स यांचा देह क्विन्सी येथे नेऊन अखेर तेथील मंदिराच्या तळघरात, आईबापांच्या शेजारी ठेवण्यात आला. १८५२ साली लुइझाबाई वारल्या व त्यांसही तेथेच जागा मिळाली.